वडिलांचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर दुरुस्त करून ऐकण्यात खरंच मजा आहे, की साउंडबार घेतलेला बरा?

दुरुस्त करा. साउंडबार टीव्हीवरच्या बातम्यांसाठी ठीक आहे.

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा सत्तरच्या दशकातला जपानी सेट माळ्यावर पडलाय, दुरुस्तीला बरेच पैसे सांगितलेत आणि घरचे म्हणतात की जुन्याचा आवाज गोड वाटणं हा नुसता मनाचा भास. या 'मनाचा भास'वर मला बोलायचंय. आमच्या मेव्हण्याच्या तोंडून हे इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की आता कोणी परक्याने लिहिलं तरी मला त्याचाच चेहरा दिसतो.

आमच्याकडचा सेट सासऱ्यांचा. सॅन्सुईचा छोटा इंटिग्रेटेड अँप्लिफायर, चॅनेलला जेमतेम पंधरा-वीस वॅट. (नंतर आपल्याकडे टीव्हीवर जे सॅन्सुई नाव दिसायचं ते व्हिडिओकॉनवाल्यांचं. ते डोक्यातून काढा.) सासरे कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. मालकाच्या मुलाने मस्कतहून आणलेला हा सेट त्यांनी हप्त्याहप्त्याने घेतला, आणि सासूबाईंनी ते त्यांना पुढे कधी विसरू दिलं नाही. देवल क्लबची गाण्याची बैठक चुकवायची नाही, आणि घरी आल्यावर गवई मल्लिकार्जुन मन्सूरांची रेकॉर्ड लावायची. शाहू महाराजांच्या पदरी असलेले अल्लादिया खाँसाहेब, त्यांचे मुलगे मंजीखाँ आणि भूर्जीखाँ, त्या दोघांचे शिष्य मन्सूर, ही वंशावळ त्यांनी मला मुलगी द्यायच्या बोलणीत ऐकवली होती. पोरगा उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंग करतो, त्याला गाण्यातलं काय कळतंय, हे तपासत असावेत.

ते गेले आणि सेट माळ्यावर गेला. पुढे शिवाजी पेठेतलं घर रंगवायला काढलं तेव्हा मेव्हण्याने तो खाली काढून फुटक्या बादल्या आणि जळका टेबलफॅन यांच्या ढिगात ठेवला. भंगारवाला दारात उभा. मी विचारलं, हा घेऊ का? तो म्हणाला, "न्या की दाजी, तेवढीच जागा मोकळी हुईल." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी गावातल्या एका दुकानात दिला. त्याने कित्येक महिने ठेवून 'पार्ट मिळत नाहीत' म्हणून परत केला, वरच्या झाकणाचे स्क्रू मात्र ठेवून घेतले. मग म्हटलं आपणच उघडू. जन्म तांब्याच्या तारा गुंडाळण्यात गेलाय, आणि सॅन्सुई कंपनीचीही सुरुवात १९४७ साली टोकियोत ट्रान्सफॉर्मर बनवण्यापासूनच झालेली. उघडल्यावर पहिल्यांदा ट्रान्सफॉर्मरच बघितला. वार्निश अजून टणक, लॅमिनेशन, म्हणजे आतल्या पत्र्यांची चवड, घट्ट, गुणगुण नाही. असा माल आता कोणी बनवत नाही, म्हणजे परवडत नाही म्हणून बनवत नाहीत, येत नाही म्हणून नव्हे.

इतक्या वर्षांनी सेट थेट बोर्डात खुपसायचा नसतो. सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक. तसाच लखलखीत राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. आमचा मंद झाला, पण स्पीकरमधून घूंऽऽ अशी हम. पॉवर सप्लायचे, म्हणजे आतली वीज सपाट करणारे, दोन मोठे फिल्टर कंडेन्सर वाळले होते. कंडेन्सर बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच घ्या. व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतात, कमी अजिबात नाही. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होती, ती काँटॅक्ट क्लीनरने गेली. क्लीनरच मारा, गंज काढायचं तेल मारून पॉट (व्हॉल्यूमच्या बटणामागचा भाग) खराब केलेले सेट मी बघितलेत. ट्रान्झिस्टर जिवंत असतील तर हात लावू नका. बाजारात त्याच नंबरचे नकली मिळतात, आणि दुरुस्तीवाले 'सगळे नवीन टाकले' असं अभिमानाने सांगतात.

आता भाऊबीज. दरवर्षीप्रमाणे मेव्हणा आमच्याकडे मंगळवार पेठेत आला आणि येताना गाडीतून पार्टी स्पीकर घेऊन आला. कमरेएवढा उंच, रंगीत लाईट फिरणारा. खोक्यावर लिहिलेलं पाच हजार वॅट पीएमपीओ. मी तो उलटा करून मागची पट्टी वाचली, तर वीज लागते ६० वॅट. म्हटलं, "पाव्हणं, बाकीचे वॅट राधानगरीच्या धरणातनं येतात काय?" पीएमपीओ हा आकडा कसा मोजायचा याचं कुठलं प्रमाण नाही, छापणाऱ्याला येईल ते छापतो. पण मेव्हणा पडला तालीम मंडळाचा कार्यकर्ता, विसर्जनाला महाद्वार रोडवर भिंतीएवढे स्पीकर लावून छातीत धडधड झाल्याशिवाय त्याला आवाज आला असं वाटतच नाही. "दाजी, तुमचं पंधरा वॅट म्हंजे काय, डासाची भुणभुण."

जेवणं झाल्यावर गच्चीवर त्याने लावला. दणदणीत वाजला, हे मी नाकारत नाही. दहा वाजून गेल्यावर शेजारच्या काकू कठड्याशी आल्या. त्यांच्याकडे बाळंतीण होती. दहानंतर निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण पेठेत काकूंपुढे कायदा सांगायची वेळ येत नाही. त्याने आवाज उतरवला, आणि पाच हजार वॅटचं गाणं एकदम वाळलं. ढोलक गेली, बास गेला, मधला आवाज तेवढा पत्र्यावर वाजल्यासारखा उरला.

आम्ही खाली आलो. मी सासऱ्यांचा सेट लावला, व्हॉल्यूमचं बटण जेमतेम घड्याळातल्या आठाच्या काट्यावर, त्याने गच्चीवर शेवटी ठेवला होता साधारण तेवढाच आवाज, आणि लाउडनेसचं बटण आत दाबलं. मन्सूर लावले. तबल्याचा डग्गा बोटाने दाबून वर सरकवतात ते ऐकू येत होतं. मागचे तानपुरे दोन स्पीकरच्या मध्ये, भिंतीच्या पलीकडून आल्यासारखे. आतल्या खोलीत पोरं झोपलेली, ती हललीसुद्धा नाहीत. मेव्हणा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ह्ये आमच्या बाबांचंच हाय न्हवं? मग खरं तर आमच्याकडं पायजे."

बायकोने तिथल्या तिथे विचारलं, "भंगारात घालताना कुणाचं होतं?"

तेव्हापासून तो वाद आहे. आता त्याने नेटवर जुन्या सेटच्या किमती बघितल्यात, त्यामुळे तो अजून गोड बोलतो. चारचौघांत मात्र अजूनही 'मनाचा भास' म्हणतो. भास असेल तर परत कशाला पाहिजे, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

तुमच्या घरच्यांना हे सांगा. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकेतल्या बेल लॅब प्रयोगशाळेच्या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज हळू केला की माणसाच्या कानाला खालचे, जाड सूर बाकीच्यांपेक्षा जास्त वेगाने ऐकू येईनासे होतात, वरच्या टोकाचेही थोडे. गाणं तेच असतं, कान बदलतो. जुन्या अँप्लिफायरवरचं लाउडनेस बटण याच्यासाठीच आहे: हळू ऐकताना बास आणि ट्रेबल उचलून देतं. लोक ते मोठ्या आवाजात दाबतात आणि मग म्हणतात आवाज घुमतो. मोठ्या आवाजात ते बाहेर काढून ठेवायचं.

वॅटचंही ऐका. घरगुती चांगल्या स्पीकरला एक वॅट दिला की एक मीटरवर ८८-९० डेसिबल आवाज येतो. एक वॅट! दहा बाय बाराच्या खोलीत तेवढ्यात बोलणं ऐकू येत नाही. पॉवर दुप्पट केली तर ३ डेसिबल वाढतात, कानाला जरासाच फरक. आवाज दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. तुम्ही रात्री ऐकता तेव्हा सेट एका वॅटच्या आतच चाललेला असतो, म्हणजे बघायचं काय, तर तो पहिला वॅट किती स्वच्छ आहे.

आता जुन्या सेटवाल्यांनाही राग येईल असं सांगतो. 'ऊबदार आवाज' वगैरे मी मानत नाही. ट्रान्झिस्टरचा सेट धड असेल तर त्याला स्वतःचा असा आवाज जवळपास नसतो, नसावाच. १९७८ चा एनएडी कंपनीचा ३०२० हा अँप्लिफायर वीसच वॅटचा होता आणि जगभर गाजला, तो काही जादू म्हणून नव्हे. अवघड स्पीकरही तो नीट ओढायचा. मजा येते ती दोन वेगळे, लांब ठेवलेले स्पीकर, टोनची बटणं आणि समोर बसलेला माणूस यांची. साउंडबारमध्ये डावं-उजवं हातभर अंतरात कोंबलेलं असतं, मग तानपुरा भिंतीपलीकडून येणार कुठून? तेव्हा दुरुस्तीच्या पैशांतले निम्मे स्पीकरसाठी राखून ठेवा. जुन्या स्पीकरच्या कोनाभोवतीची रिंग फोमची असेल तर बोट लावताच भुगा होईल. ती बदलून मिळते. कापडी किंवा रबरी असेल तर अजून टिकेल.

फोन जोडायचा असेल तर ब्लूटूथ रिसीव्हर घेऊन ऑक्स किंवा टेपच्या सॉकेटात लावा. फोनोमध्ये नको. तो रेकॉर्डच्या सुईतून येणाऱ्या काही मिलिव्होल्टसाठी असतो आणि बास मुद्दाम वाढवतो; फोन तिथे लावला की आवाज फाटणार, आणि घरचे म्हणणार बघा, सांगितलं नव्हतं?

राहिलेल्या गोष्टी, ज्या खरं तर आधी लिहायला हव्या होत्या. मागे व्होल्टेज सिलेक्टर बघा. आपल्याकडे रात्री लाइन कधी २४५-२५०ला जाते, त्यामुळे २२० आणि २४० दोन्ही असतील तर २४०वर ठेवा. सिलेक्टरच नसेल आणि १०० व्होल्ट लिहिलं असेल तर तो जपानातल्या घरासाठीचा सेट आहे, स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावाल तर धूर बघाल. बहुतेकांना अर्थिंग नसतं. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर जाणत्याला दाखवल्याशिवाय वापरू नका, पोरं असतील तर मुळीच नाही. स्पीकर जोडण्याआधी सेटच्या स्पीकर टर्मिनलवर मीटरने डीसी व्होल्टेज मोजून घ्या; काही मिलिव्होल्ट चालतात, शंभराच्या वर गेलं तर दुरुस्ती अपुरी आहे आणि त्याची किंमत वूफर (स्पीकरमधला जाड सुरांचा मोठा कोन) मोजेल. वर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी ठेवायची नाही. झाकणाला भोकं गरम हवा जायला असतात. सासूबाईंशी या एका विषयावर माझं कधी पटलं नाही.

आणि सेट फारच गेलेला असेल, ट्रान्सफॉर्मर जळालेला, आतलं सर्किट बोर्ड काळं पडलेलं, तर सोडून द्या. पेठेत आमच्याकडे कोणी असा सेट आणला की मीच सांगतो, यात पैसे घालू नका. जुना आहे एवढ्यावर कुठला सेट चांगला होत नाही.

तुम्हाला भाऊ-बहीण आहेत का ते लिहिलेलं नाही. असतील तर दुरुस्तीला टाकायच्या आधी त्यांना फोन करा, पाहिजे का विचारा, आणि 'नको' म्हणाले तर ते व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. तोंडी 'न्या की'ला पुढे कोणी विचारत नाही. कंडेन्सरचं बिल मी सेटच्या खालीच चिकटवून ठेवलंय.