सनावळ्या पाठ, तरी पेपरात गोंधळ

"मॅडम, इतिहास सोडून भूगोल घेता येईल का हो?"

एफ.वाय.बी.ए.चा पहिला निकाल लागला की हा प्रश्न घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी माझ्याकडे सल्ल्याला येतंच. ही मुलगी कोकणातल्या एका खेड्यातून कॉलेजला यायची. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बारावीला इतिहासात ऐंशीच्या वर मार्क, आणि इथे पहिल्याच सत्रात काठावर पास. "सगळं पाठ होतं, पण पेपर हातात आला की साली एकमेकींत मिसळल्या. माझी स्मरणशक्तीच गेलीय बहुतेक." सोबत आलेल्या आईचं म्हणणं वेगळंच होतं. इतिहास घेऊन पोरगी करणार काय, ही तिची चिंता.

आईला मी थोडक्यात सांगितलं की पदवी कुठल्याही विषयाची असली तरी स्पर्धा परीक्षा देता येतात, बी.एड. करता येतं, मोडी लिपी शिकली तर दफ्तरखान्यांत कामाला तोटा नाही. नोकरीची हमी मी दिली नाही. कुठल्याच विषयाची देत नाही.

मुलीचं म्हणणं मात्र नीट ऐकायला हवं होतं. स्मरणशक्ती गेली असं कुणी म्हणालं की मी आधी झोप, जेवण, घरचं वातावरण, बाकीचे विषय यांची चौकशी करते. सगळ्याच विषयांत लक्ष लागत नसेल, मन सतत उदास असेल, तर तो प्रश्न अभ्यासाचा नसतो आणि मी डॉक्टरांकडे पाठवते. हिचं तसं नव्हतं. मराठीतल्या कविता तिला तोंडपाठ होत्या, अर्थशास्त्रात मार्क बरे होते. म्हटलं, पुढच्या वेळी इतिहासाची वही घेऊन ये.

वही पाहिली आणि दुखणं कळलं. 1857 च्या उठावाची कारणं: राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी. पाच मथळे पाच रंगांच्या पेनांनी, प्रत्येकाखाली पाच मुद्दे. हा साचा महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारला तरी येतो. शाळेत त्यावर भागतं.

मी विचारलं, "अवध 1856 मध्ये खालसा झालं, हे कुठल्या कारणात?"

"राजकीय."

"कंपनीच्या बंगाल फौजेतले शिपाई मुख्यतः कुठले होते?"

हे तिच्याच वहीत होतं, 'लष्करी'खाली: अवध आणि आसपासच्या मुलखातले, बरेचसे उच्चवर्णीय शेतकरी घरांतले. तिने ते वाचून दाखवलं आणि थांबली. मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे ज्यांचं राज्य घेतलं, त्यांचीच पोरं फौजेत होती?"

तिथून आम्ही मथळे बाजूला ठेवले. अवध गेलं, तिथला जमीनमहसूल बदलला, तालुकदार म्हणजे तिथले मोठे जमीनदार दुखावले, त्याची झळ शिपायाच्या घरापर्यंत पोचली. त्याच 1856 मध्ये नव्याने भरती होणाऱ्याला समुद्रापलीकडे जाण्याची अट मान्य करावी लागेल असा कायदा आला, म्हणजे जात बुडण्याची धास्ती. त्यात चरबीच्या काडतुसांची बातमी. मग 29 मार्च 1857 ला बराकपूरला मंगल पांडे, 10 मेला मेरठ, आणि दुसऱ्या दिवशी दिल्ली. पाच मथळ्यांत विखुरलेल्या गोष्टी एकाच घरात घडताना दिसल्या की साल वेगळं घोकावं लागत नाही. आधीचं आणि नंतरचं कळलेलं असतं.

पण तिची खरी अडचण पुढे होती, आणि ती सांगायला तिला दोन भेटी लागल्या. शाळेत एकच पुस्तक होतं. इथे सरांनी संदर्भग्रंथ वाचायला सांगितले आणि ते आपसांत भांडतात. सावरकरांनी 1909 च्या ग्रंथात 1857 च्या उठावाला योजून लढलेलं राष्ट्रीय स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं. शताब्दीच्या वर्षी, 1957 मध्ये, रमेशचंद्र मजुमदारांनी ते राष्ट्रीयही नव्हतं आणि योजनाबद्धही नव्हतं असं मांडलं. त्याच वर्षी सुरेंद्रनाथ सेनांनी तिसरं काही म्हटलं. "मॅडम, परीक्षेत कुणाचं लिहायचं? चुकीचं लिहिलं तर मार्क जातील ना?"

तिने पेपरात तिघांचंही अर्धं अर्धं लिहिलं होतं, नावं न देता. वाचणाऱ्याला ती स्वतःलाच खोडतेय असं वाटणार. साली मिसळण्याचं मूळही बरंचसं या धास्तीत होतं, असं माझं मत झालं.

मी इतिहासाची प्राध्यापक नाही, त्यामुळे निवाडा द्यायचा प्रश्नच नव्हता. तिच्या सरांना विचारून तिला एक काम दिलं: विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या प्रवासवर्णनातलं झाशीचं प्रकरण वाचायचं. हे वरसईचे, पेणजवळचे, म्हणजे तिच्याच बाजूचे. घरची ओढगस्त, म्हणून यज्ञातल्या दक्षिणेच्या आशेने काकांसोबत उत्तरेत गेले आणि उठावात सापडले. 1858 मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली तेव्हा ते शहरातच होते. सोबत चार प्रश्न दिले: हा माणूस तिथे कशासाठी गेला? काय स्वतः पाहिलं, काय ऐकलं? लिहिलं कधी? छापलं कुणी?

पुढच्या भेटीत ती बोलतच सुटली. लिहिलं सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवून. छापलं 1907 मध्ये चिंतामणराव वैद्यांनी, तेही फेरफार करून, कारण राज्य इंग्रजांचं. "म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं असलं तरी जसंच्या तसं नाही धरायचं. पण लूट आणि कत्तलीचं त्यांनी लिहिलंय ते खोटंही नाही वाटत." मग मी विचारलं, सावरकरांनी 1909 मध्ये लिहिलं तेव्हा त्यांना काय हवं होतं? मजुमदार लिहीत होते तेव्हा देशात काय होतं? इंग्रज जाऊन दहा वर्षं झाली होती, हे तिनेच सांगितलं. मते वेगळी का, हे सांगता आलं की 'कुणाचं लिहायचं' ही भीती निम्मी कमी होते. दोघांचंही नावानिशी लिहायचं, आणि आपल्याला कुणाचं पटतं ते एका पुराव्यासकट. पदवीच्या पहिल्या वर्षाला एवढं पुरतं. (सगळे परीक्षक त्याला मार्क देतातच असं नाही. काहींना अजून पाच मथळेच हवे असतात, म्हणून मथळेही विसरू नकोस असं मी तिला सांगितलं.)

तिने विषय बदलला नाही. दुसऱ्या सत्रात मार्क वाढले, बारावीइतके नाहीत. हल्ली ती सरांच्या मागे लागलीय की 31 जुलै 1857 ला कोल्हापुरात 27 व्या पलटणीने उठाव केला, मग आमच्या पुस्तकात त्यावर दोनच ओळी का. साताऱ्याचं राज्य 1848 मध्ये गेलं आणि त्यासाठी लंडनपर्यंत भांडून आलेले रंगो बापूजी 1857 मध्ये बेपत्ता झाले, तेही तिला पुढे वाचायचंय.

एक गोष्ट मात्र जमली नाही. कंपनीचा कारभार संपवणारा कायदा ऑगस्ट 1858 चा आणि व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा 1 नोव्हेंबरचा, या दोन तारखा ती अजूनही उलटसुलट करायची. त्यावर मी काहीच युक्ती काढली नाही. त्या तिने सरळ घोकून पाठ केल्या.