ग्रामर गेलं कुठे?

प्रश्न : मुलगी मराठी माध्यमात सातवीत आहे. तिच्या इंग्रजीच्या पुस्तकात व्याकरणाचे नियम कुठेच सलग दिलेले नाहीत. चित्रं, संवाद, 'मैत्रिणीला विचारा', 'गटात चर्चा करा', एवढंच. आम्ही तर्खडकर घोकून शिकलो. असल्या पुस्तकांनी मुलं कच्ची राहत नाहीत का?
– एक पालक, बार्शी

उत्तर : तर्खडकरांच्या पाठमालेवर मीही वाढलो. भाषांतर पक्कं व्हायचं, वाचलेलं कळायचं. बोलायची वेळ आली की मात्र मनात मराठी वाक्य जुळवून, काळ ठरवून, क्रियापद बसवेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. नेमकी हीच अडचण धरून १९७०च्या दशकात युरोपात संवादी पद्धत पुढे आली. डेल हाइम्स या अभ्यासकाचं म्हणणं असं, की वाक्य शुद्ध असणं पुरेसं नाही. कुणाशी, कुठे, काय बोलावं हेही यायला हवं. मुलीचं पुस्तक त्याच वळणाचं आहे. व्याकरण त्यात आहेच, फक्त आधी वापर आणि मग नियम, असा क्रम आहे. धडा संपल्यावर येणारे भाषाभ्यासाचे प्रश्न तिच्याबरोबर बसून बघा, सापडेल.

खरी गोम वर्गात आहे. संवादी पद्धतीचा प्राण असा, की एकाला ठाऊक असलेलं दुसऱ्याला ठाऊक नसावं. पहिलीपासून एका बाकावर बसणाऱ्या दोघी एकमेकींना 'व्हॉट इज युअर नेम?' विचारतात, त्यात विचारायचं काय उरलं? त्यापेक्षा एसटीचं वेळापत्रक घ्या. एकीच्या कागदावर सोलापूरच्या गाड्यांच्या वेळा, दुसरीच्या कागदावर पुण्याच्या. कागद दाखवायचे नाहीत. 'व्हॉट टाइम डज द फर्स्ट पुणे बस लीव्ह?' आता उत्तर ऐकल्याशिवाय रकाना भरतच नाही. 'डज' कुठे घालायचं हे पाच-सहा वेळा विचारून अंगवळणी पडतं, आणि त्यानंतर फळ्यावर नियम लिहिला तर तो डोक्यात राहतो.

याउलट होतं काय? पुस्तकातला संवाद गाईडमधून वहीत उतरवला जातो, बाई लाल शाईने बरोबरची खूण करतात, आणि तोंड उघडायचा प्रश्नच येत नाही. पुस्तक बदललं, वही तीच. याला परीक्षाही जबाबदार आहे. दहावीला भाषेचे ८० गुण लेखी आणि २० तोंडी वगैरेचे, शाळेच्या हातात. २०१९च्या परीक्षेला ते २० काढून टाकले होते. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि गुण परत आले. निकाल घसरायला ते एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या ओरडीत मुलं बोलतात किती, याची चौकशी करणारं मला तरी कुणी भेटलं नाही.

प्रश्न : वर्गात ५८ मुलं आहेत. गटकार्य सांगितलं की मुलं मराठीत गप्पा मारतात आणि शेजारच्या वर्गावरचे सर दार वाजवतात. पुस्तकात तर पानोपानी गट. काय करावं?
– एक शिक्षिका, जालना जिल्हा

उत्तर : गट करू नका! हे मी मनचं सांगत नाही. इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतींचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास वगैरे ठिकाणच्या साध्या शाळांत एक मोठा प्रयोग केला. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा असलं काही पुढे ठेवून मुलांना कोडं सोडवायला लावायचं. व्याकरणाचा तास असा नाहीच. पण गटकार्यही त्यांनी मुद्दाम टाळलं. मुलं आपसात बोलली तर एकमेकांचं मोडकं इंग्रजीच उचलतील, ही त्यांची भीती. त्यांची रीत अशी, की आधी सरांनी अख्ख्या वर्गाला प्रश्न विचारत एक कोडं फळ्यावर सोडवायचं, मग तसंच दुसरं ज्याने त्याने एकट्याने. ५८ मुलांत हे निभतं आणि शेजारचे सरही शांत राहतात. तुमच्या शाळेच्या तासांचं वेळापत्रकच फळ्यावर घ्या: 'इंग्लिशचे सर बुधवारी रजेवर आहेत, त्यांच्या तासाला कोण मोकळं आहे?' मराठीत विचारही चालू द्या, उत्तर इंग्रजीत मागा.

प्रश्न : मुलगा चुकीचं इंग्रजी बोलतो. लगेच टोकावं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : वाक्य पुरं होऊ द्या. 'आय गोएड टू मार्केट' म्हणाला तर 'ओ, यू वेंट टू द मार्केट? व्हॉट डिड यू बाय?' एवढंच म्हणा आणि काय आणलं ते ऐका. लेखी कामात मात्र खुशाल लाल पेन चालवा.