ब्रेक नसलेल्या गाडीला प्रशिक्षक कशाला?

प्रश्न : युरोपातल्या स्पीडवे शर्यती, म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या मोटरसायकलींच्या शर्यती, मी इंटरनेटवर आवडीने पाहतो. गाडीला ब्रेक नाही, गिअर एकच आणि चार फेऱ्या मिनिटभरात संपतात. अशा खेळात प्रशिक्षक करतो तरी काय? आणि त्यासाठी तो स्वतः जगज्जेता असावा लागतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : नाही. पोलंडचे नामवंत स्पीडवे प्रशिक्षक मारेक चेश्लाक यांना वैयक्तिक जगज्जेतेपद कधीच मिळाले नाही. 1974 साली चेंस्तोहोवाच्या क्लबकडून त्यांनी पोलंडचे सांघिक विजेतेपद मिळवले आणि 1977 साली ब्रिटिश लीग जिंकणाऱ्या लंडनच्या व्हाइट सिटी संघातही ते होते. म्हणजे शर्यतपटू म्हणून ते चांगलेच होते, पण ज्यांच्या नावाने स्टेडियम भरावे अशांपैकी नव्हते. पुढे राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांनी 2007 ते 2017 या काळात पोलंडला सात वेळा सांघिक विश्वचषक जिंकून दिला. शिवाय व्रोत्सवाफ (2006), झेलोना गुरा (2011) आणि टार्नुफ (2012) या तीन वेगवेगळ्या शहरांच्या क्लबांना त्यांनी देशांतर्गत विजेतेपद मिळवून दिले. खेळाडू, मालक आणि माती बदलूनही हे जमले, म्हणून त्याचे श्रेय नशिबाला देता येत नाही.

आता पहिला प्रश्न. सुरुवातीच्या रेषेवरची फीत वर उडून शर्यत सुटली की प्रशिक्षकाच्या हाती काही उरत नाही, हा आपल्या प्रश्नातला रोख अचूक आहे. त्याचे काम चालते ते दोन शर्यतींच्या मधल्या काही मिनिटांत. मागच्या चाकांनी उडवलेली माती हळूहळू बाहेरच्या कडेला साचते, आतली वाट गुळगुळीत होत जाते आणि पहिल्या शर्यतीत ज्या रेषेने गाडी सुसाट गेली त्याच रेषेवर दहाव्या शर्यतीत चाक नुसतेच फिरते. हे वेळीच ओळखून मागच्या स्प्रॉकेटचा (साखळी ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचा) एखादा दात कमी-जास्त करायला लावणे, क्लच कसा सोडायचा ते सांगणे आणि वळण बाहेरून घ्यायचे की आतून, हे शर्यतपटूच्या मनावर ठसवणे, हा या कामाचा गाभा होय. स्वतः डावा पाय जमिनीवर टेकवून, मागचे चाक घसरवत वळणे घेतलेल्या माणसाला मातीचा हा बदल लवकर कळतो. चेश्लाक यांना जुन्या कारकिर्दीचा खरा उपयोग येथे झाला असावा, असे मला वाटते.

दुसरे काम निवडीचे, आणि ते अधिक अप्रिय. पोलंडच्या लीगमध्ये एका सामन्यात पंधरा शर्यती असतात आणि शेवटच्या दोन शर्यतींत कोणाला उतरवायचे हे प्रशिक्षक ठरवतो. मोठ्या नावाचा खेळाडू त्या दिवशी मंद असेल तर त्याला बाजूला बसवून पोरसवदा खेळाडूला धाडण्याची छाती लागते, आणि अंदाज चुकला तर घरच्याच प्रेक्षकांचे बोल ऐकावे लागतात.

शर्यतीतल्या चौघांना क्रमाने 3, 2, 1, 0 असे गुण मिळत असल्याने एका जागेचा फरकही महाग पडतो. 2014 च्या विश्वचषकाची अंतिम फेरी पोलंडमध्येच, बिडगोश्च येथे झाली आणि चेश्लाक यांचा संघ डेन्मार्ककडून 38 विरुद्ध 37 असा हरला. म्हणून पुढच्या वेळी सामना पाहताना दोन शर्यतींच्या मध्ये चहाला उठू नका. कॅमेरा पिटकडे, म्हणजे गाड्या दुरुस्त करण्याच्या जागेकडे वळला, तर गाडीशेजारी वाकून कोण काय सांगतो आहे तेवढे पाहा.