इतिहास घोकून पुढे काय करायचं?

‘गणित-विज्ञानालाच वेळ पुरत नाही, त्यात हा इतिहास. इंजिनिअरिंगला त्याचा काय उपयोग?’ नववी-दहावीच्या पालकांकडून हे मी नेहमी ऐकते. या वेळी मुलगाही सोबत होता. त्याचं म्हणणं आणखी थेट होतं : ‘सगळं होऊन गेलंय. आता पाठ करून काय बदलणार?’

मी त्याला पहिल्या महायुद्धाची कारणं विचारली. २८ जून १९१४, साराजेव्हो, ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून हे तात्कालिक कारण. धडाधड म्हणून दाखवलं. म्हटलं, हा खून झालाच नसता तर युद्ध टळलं असतं? तो गप्प. लष्करी करार, शस्त्रस्पर्धा, बाल्कनमधली धुसफूस, सगळं त्याला पाठ होतं. पण त्यातलं खरं कारण कोणतं आणि नुसतं निमित्त कोणतं, हे ठरवायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. परीक्षेतही अनेकदा ‘कारणे लिहा’ एवढ्यावरच भागतं.

मग हिटलरच्या रोजनिशीची गोष्ट सांगितली. एप्रिल १९८३मध्ये ‘श्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाने ती सापडल्याचं जाहीर केलं. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांच्यासारख्या नामवंत इतिहासकारानेही सुरुवातीला ती अस्सल मानली. मे महिन्यात बिंग फुटलं. कागदात युद्धानंतर वापरात आलेलं रसायन होतं आणि बराच मजकूर हिटलरच्या भाषणांच्या छापील संग्रहातून, त्यातल्या चुकांसकट उतरवलेला होता.

‘म्हणजे कॉपी करताना पकडला गेला!’ मुलगा पहिल्यांदाच हसला. पाठोपाठ प्रश्न आला, की एवढा मोठा इतिहासकार फसलाच कसा. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो.

वडिलांना मी स्पष्टच सांगितलं, की इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत इतिहास विचारत नाहीत. पण हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, त्यात त्याचा काय फायदा होता, असं विचारायची सवय शाळेत सर्वांत जास्त याच विषयात लागू शकते. मोबाइलवर आलेला एखादा दावा पुढे पाठवण्याआधी तीच कामी येते. पाठांतराने ती लागत नाही, त्यामुळे त्यांची तक्रार अगदीच चुकीची नव्हती.

ठरलं एवढंच : मोजक्याच सनावळ्या पाठ करायच्या, आणि प्रत्येक धड्यानंतर घरी एक प्रश्न मांडायचा, ज्याचं तयार उत्तर पुस्तकात नाही. आईने लगेच विचारलं, ‘उत्तर आम्हालाही आलं नाही तर?’ म्हटलं, मग तिघांनी मिळून शोधा.