रिफ्लेक्शन: परावर्तन की स्वावलोकन?

ऐरोलीत नोकरी करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेतल्या नव्या कंपाइल-टाइम रिफ्लेक्शनवर (कंपाइल होताना, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर होतानाच चालणाऱ्या) टीमपुढे मराठीत बोलायचं आहे, ‘परावर्तन’ म्हटलं तर चालेल का?

ताई, मला तो शब्द पटत नाही. परावर्तन म्हटलं की शाळेतला आरसा आणि माघारी फिरणारा किरण डोळ्यांपुढे येतो. इथे माघारी काहीच फिरत नाही. इथे प्रोग्राम स्वतःच्याच रचनेकडे पाहतो.

ठाणे-वाशी लोकलसाठी मी घरच्यापुरता एक प्रोग्राम लिहिला होता. इनममध्ये, म्हणजे आकड्यांना नावं देणाऱ्या यादीत, ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली अशी स्टेशनं, आणि नावं छापण्यासाठी खाली स्विचमध्ये, म्हणजे कोणत्या आकड्याला काय छापायचं ते सांगणाऱ्या कोडमध्ये, तीच यादी पुन्हा. २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं. ते मी इनममध्ये घातलं, स्विचमध्ये घालायचं राहिलं, आणि ठाण्याच्या खाली कोरी ओळ छापून आली. कंपाइल झाल्यावर इनमचा नुसता आकडा उरतो, नाव पुसलं जातं. ते पुसण्याआधीच वाचून घ्यायची सोय म्हणजे हे रिफ्लेक्शन. जावा या दुसऱ्या भाषेतलं रिफ्लेक्शन प्रोग्राम चालू असताना पाहतं, म्हणून तिथे ही माहिती सोबत वागवावी लागते.

यासाठी मी ‘स्वावलोकन’ सुचवेन. सिंहावलोकन आपल्या ओळखीचं आहे, त्यामुळे अर्थ लगेच लागतो. आत्मपरीक्षणात चूक-बरोबर तपासणं येतं, आत्मदर्शन तर थेट अध्यात्मात नेतं.

या सोयीचा दुसरा अर्धा भाग स्प्लाइसचा: पाहिलेलं परत कोडमध्ये बसवणं. त्याला ‘चिकटवणं’ म्हणू नका. चिकटवतो तो मॅक्रो, म्हणजे कंपाइलच्या आधी एका मजकुराच्या जागी दुसरा ठेवणारी जुनी सोय, कारण त्याला मजकुरापलीकडे काही कळत नाही. स्प्लाइसला मात्र हाती आहे तो प्रकार (टाइप) आहे की किंमत (व्हॅल्यू), हे ठाऊक असतं. म्हणून ‘सांधणं’.

‘याच्याकडे पाहा’ हे कोडमध्ये कसं लिहायचं, याचा घोळ मूळ भाषेतही झालाच. आधी ‘रिफ्लेक्सप्र’ असा शब्द होता, मग टोपीसारखं एक चिन्ह (^) आलं. ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत ब्लॉक्स नावाच्या कोडच्या तुकड्यांसाठी तेच चिन्ह असल्याने ते त्यांच्याशी भांडायला लागलं, म्हणून दोन टोप्या झाल्या. जून २०२५ मध्ये भाषेचे नियम ठरवणाऱ्या समितीच्या सोफियातल्या बैठकीत सी प्लस प्लस २६ या आवृत्तीसाठी हे मंजूर झालं. वाचून दाखवताना त्या दोन टोप्यांना मी ‘पाहा’ म्हणतो.

कंपाइल-टाइमसाठी ‘संकलनकालीन’ही टाळा, मराठीत संकलन म्हणजे वेचून एकत्र करणं. सरळ असं बोला: “कंपाइल होतानाच इनमचं स्वावलोकन केलं, नावं घेतली आणि छपाईच्या कोडमध्ये सांधली.”