कळलावी, चहाडखोर की बघ्या?

म्हापशाहून प्रश्न आला आहे: 'वाड्यावर कुणाच्या घरात आवाज चढला की शेजारच्या एक बाई हातातलं काम टाकून बाल्कांवात हजर. स्वतः मध्ये पडत नाहीत, पण संध्याकाळपर्यंत ती गजाल तिंट्यावर (गावच्या बाजारनाक्यावर) पोचलेली असते. त्यांना कळलावी म्हणायचं का?'

नका म्हणू. कळ म्हणजे इथे कलह. इकडचं तिकडे सांगून जो भांडण लावून देतो तो कळलाव्या, कळीचा नारद. तुमच्या बाई येतात तेव्हा काडी आधीच पडलेली असते. कळलावी नावाची वेलही आहे, चतुर्थीच्या सुमारास आपल्याकडे कुंपणावर लाल-पिवळी फुलते ती. घरात आणली तर भांडणं होतात असा समज आहे. काही जण मात्र तिचं नाव प्रसूतीच्या कळांशी जोडतात, कारण कळा आणायला तिचा कंद वापरत. (कंद जहाल विषारी आहे, बरं का.)

चहाडखोरही बसत नाही. चहाडीला ऐकणारा ठरलेला असतो: सासू, मास्तर, साहेब, म्हणजे ज्याच्या रागाने तिसऱ्याला भोवेल असं कुणी. 'आई, दादाने लोणच्याची बरणी फोडली' ही चहाडी. तिंट्यावर दहा जणांत वाटली ती कुचाळकी, तीही सांगण्यात खोडसाळपणा असेल तरच. गजाल तर त्याहून साळसूद. कोकणीत तिचा अर्थ बाब, गोष्ट एवढाच. त्यामुळे कुणाची अब्रू काढूनही 'गजाली मारत होतो' म्हणून हात झटकता येतात.

त्या उभं राहण्याला मराठीत नेमका शब्द आहे, बघ्या. वर्तमानपत्रांनी त्याला अपघाताच्या गर्दीत कोंडलं आहे, पण हा इसम जुना. समर्थांनी मूर्खलक्षणांत त्याला जागा दिली आहे: 'कळह पाहात उभा राहे । तोडविना कौतुक पाहे ।' कौतुक म्हणजे मौज, आणि सगळा ठपका 'तोडविना'वर: भांडण न सोडवता. अडचण एकच, बघ्याचं स्त्रीलिंग रूढ नाही. 'बघी' माझ्या तरी कानाला खटकतं; 'बघ्यांतल्या एक' म्हणून भागवा.

चोंबडी त्यांना म्हणता येणार नाही, कारण चोंबडा न विचारता मध्ये तोंड घालतो. भोचक मात्र चालेल, दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन 'काल काय गो झालं?' असं खोदून विचारत असतील तर.