जिताड्याला गरम पाण्याचा शॉक द्यावा का?

प्रश्न : आमचं खारेपाटात आजोबांपासूनचं जिताड्याचं तळं आहे. यंदा मे महिन्यात पाणी पार खाली गेलं आणि तीन-चार जिताड्यांच्या अंगावर लाल चट्टे आले. भाचा म्हणतो, मासा थोडा वेळ गरम पाण्यात ठेवला की त्याच्यात हीट शॉक प्रोटीन तयार होतात, मग रोग होत नाही. करून बघू का?
– एक वाचक, पेण तालुका

उत्तर : भाऊ, भाचा चूक नाही बोलत पण तळ्यात हे करू नका. प्रोटीन म्हणजे एक लांब साखळी, तिची घडी नीट बसलेली असेल तरच ते काम करतं, उष्णतेने ती घडी विस्कटते, मग पेशी दुसरी प्रोटीन बनवते जी विस्कटलेल्यांना धरून परत घडी घालून देतात, तीच ही हीट शॉक प्रोटीन. १९६२ साली इटलीच्या रितोसांना फळमाशीच्या गुणसूत्रांवर याची पहिली खूण दिसली, तीही कोणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं होतं म्हणून! माशातही ती असतात आणि नुसत्या उष्णतेने नाही, जंतू शिरले, ऑक्सिजन कमी झाला तरी वाढतात. पेशी फुटून ती बाहेर पडली की रोगाशी लढणाऱ्या पेशींना धोक्याची घंटा मिळते असं मानतात. हॅचरीत, म्हणजे माशांची पिल्लं तयार करतात तिथे, पिल्लांना आर्टेमिया हा कोळंबीसारखा बारीक जीव खायला देतात ना, त्या आर्टेमियाला थोडा वेळ सोसेल इतपत उष्णता दिली तर नंतर व्हिब्रिओ जंतूंपुढे तो जास्त टिकला, हे प्रयोगात दिसलंय.

पण ते थोडा वेळ आणि मोजूनमापून. तुमचा जिताडा महिनाभर तापलेल्या पाण्यात होता. ही प्रोटीन बनवायला आणि चालवायला ताकद लागते, वर ताणाने कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि ते प्रतिकारशक्ती दाबतं, जंतू मात्र गरम पाण्यात भराभर वाढतात. त्यात ऑक्सिजन कमी, २० अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसात, खाऱ्यात त्याहून कमी. आणि शॉक द्यायला मासा जाळ्यात धरणार, टबात टाकणार, त्यात चार खवले निघाले आणि अंगावरचा बुळबुळीत थर पुसला गेला की संपलंच, कारण जंतू मारणारं लायसोझाइम आणि अँटिबॉडी त्या थरातच असतात. हाताला चिकट लागतो म्हणून आपण तो पुसून टाकतो, पण माशाचं ते चिलखत आहे.

त्यापेक्षा उधाणाच्या भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, नवं पाणी घ्या, दुपारचं खाद्य बंद करा, चट्टेवाला मासा ओल्या हाताने वेगळा काढा. चट्टे कशाचे ते तपासल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावरून अँटिबायोटिक ओतू नका. आणि रोज पहाटे, उजाडायच्या आधी तळ्यावर जा, ऑक्सिजन तेव्हाच सगळ्यात कमी असतो, मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले तर एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, लगेच चालू करा, सकाळची वाट बघू नका.